छत्तीस स्पोक, अठरा कारागीर

"अलॉय टाकून घे ना, कशाला दर पावसाळ्यात आऊट काढत बसतोस?" हा सल्ला मला नागपूर-पुण्याच्या मित्रांकडून ठरलेला मिळतो. गंमत म्हणजे त्यातल्याच एकानं मागच्या वर्षी हिमालयन घेतली आणि चाकांचे फोटो टाकले. स्पोकची चाकं. खाली लिहिलं होतं, 'रेडी फॉर एनी रोड'.

म्हणजे तेच चाक शहरात साहस आणि चामोर्शीत गरिबी. हिमालयन किंवा एक्सपल्सला स्पोक असले की ती डोंगरदऱ्यांची गाडी. किक मारून सुरू होणाऱ्या एचएफ डिलक्सला तेच स्पोक असले की हा बिचारा, याला अलॉय परवडलं नाही. माझं भांडण या दुटप्पीपणाशी आहे, पण तेवढ्यावरच थांबणारं नाही. कारण या दुटप्पीपणाचा फटका गाडीवाल्याला कमी आणि चाक बांधणाऱ्याला जास्त बसतो.

आधी हे काम काय असतं ते बघा, कारण बहुतेकांनी ते फक्त ओलांडून जाताना पाहिलेलं असतं. माझ्या स्प्लेंडरची मागची रिंग आष्टी रस्त्यावर बसली. सुरजागडचं लोहखनिज वाहणारे ट्रक ज्या रस्त्यांवरून जातात, तिथे पावसाळ्यात खड्डा पाण्याखाली असतो. तो दिसत नाही, लागतो. रिंगला खोलगा पडला, चार स्पोक तुटले. मिस्त्री म्हणाला, "रिंग नवी टाकू. हब चांगला हाय, तो कायले फेकता?" मग त्यानं जुनं चाक पूर्ण मोकळं केलं. हबवर छत्तीस भोकं, एका बाजूला अठरा, दुसऱ्या बाजूला अठरा. अर्धे स्पोक आतून बाहेर, अर्धे बाहेरून आत. प्रत्येकानं ठरलेल्या स्पोकांना ओलांडून रिंगच्या नेमक्या भोकात जायचं. एक भोक चुकलं की शेवटचे स्पोक आखूड पडतात आणि पुन्हा पहिल्यापासून. यासाठी त्याच्याकडे ना कागद ना आकृती. बोलता बोलता ओवत होता, आमच्या वहिनी लाखोळीच्या शेंगा सोलतात तसा, हाताकडे न बघता.

खरं काम त्यानंतर सुरू झालं. चाक गाडीलाच चढवलं, चिमट्याला एक खिळा बांधला आणि चाक फिरवलं. रिंग जिथे खिळ्याला घासते तिथे खडूची खूण. चाक उजवीकडे झुकत असेल तर तिथले डाव्या बाजूचे निपल पाव फेरा कसायचे, उजवीकडचे तेवढेच सैल करायचे. वर-खाली उडी असेल तर उंचवट्यावरचे दोन्ही बाजूंचे कसायचे. पण एक दुरुस्त केलं की दुसरं बिघडतं. म्हणून पाव फेरा, फिरव, बघ, पुन्हा पाव फेरा. मधूनच पान्यानं एकेक स्पोक वाजवून बघायचा. सैल स्पोकचा आवाज बद्द येतो. दीड तास गेला. शेवटी निपलच्या वर आलेली स्पोकची टोकं कानशीनं घासली, नाहीतर ट्यूबला भोक पडतं. मग रबरी पट्टी, ट्यूब, टायर.

याला आपण 'आऊट काढणं' म्हणतो आणि दोनशे रुपये देतो. त्यातही घासाघीस करतो.

आता यातलं विज्ञान. सायकलीच्या चाकात तारेचे, ताणलेले स्पोक आले ते १८७०च्या आसपास, आणि पुढे मोटरसायकलनं तीच पद्धत उचलली. बैलगाडीच्या चाकात लाकडी आरे दाब सोसतात, स्पोकच्या चाकात मात्र प्रत्येक तार आधीच ताणलेली असते. तुम्ही गाडीवर बसता तेव्हा जमिनीलगतच्या दोन-चार स्पोकांचा ताण कमी होतो, बाकीच्यांचा जवळपास तेवढाच राहतो. मोटरसायकलचं चाक एका किलोमीटरमध्ये पाचशेहून जास्त वेळा फिरतं, म्हणजे प्रत्येक स्पोक तेवढ्या वेळा ढिला होऊन पुन्हा ताणला जातो. मुळात ताण पुरेसा असेल तर तो हे निमूट सहन करतो. कमी असेल तर प्रत्येक फेऱ्यात पूर्ण सैल पडतो आणि एक दिवस हबजवळच्या वाकात तुटतो. स्पोक बहुतेकदा जास्त कसल्यानं तुटत नाहीत, सैल राहिल्यानं तुटतात. हे पुस्तकात नंतर वाचलं, मिस्त्रीला मी ते सांगायला गेलो तर तो म्हणाला, "मंग? ढिला हाय म्हणूनच तर तुटते."

अलॉयची बाजूही मांडतो. अलॉयला आऊट काढावा लागत नाही. त्याला ट्यूबलेस टायर चालतं. साध्या स्पोकच्या रिंगमधून निपलच्या भोकांवाटे हवा जाते, म्हणून तिथे ट्यूब लागतेच, आणि ट्यूब फुटली की हवा एकदम बसते. घोटच्या पुढे रात्री एकट्या बाईची गाडी अशी बसली तर माझे सिद्धांत तिच्या कामाचे नाहीत. चांगल्या रस्त्याच्या गावात मीसुद्धा अलॉयच घेईन. पण अलॉय ओतीव असतं. खड्ड्याच्या कडेवर आपटून तडकलं तर एक भाग बदलता येत नाही, आख्खं चाक नवं घ्यावं लागतं. ते परवडत नाही म्हणून लोक तडा भरून घेतात, तापवून ठोकून सरळ करून घेतात आणि त्याच चाकावर बायको-पोरांना बसवून मार्कंड्याच्या जत्रेला जातात. स्पोकचं चाक आधी कुरकुरतं, डुलतं, एखादी तार तोडून दाखवतं. ते सावध करतं, आणि सावध झालेल्या माणसाला चामोर्शीतच, त्याच दिवशी, दुरुस्त करून मिळतं. अट एकच: बांधणारा हवा.

तो राहावा म्हणून आपण काय केलं? १७ सप्टेंबर २०२३ला केंद्र सरकारनं पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपये, ५ टक्के व्याजानं दोन टप्प्यांत ३ लाखांपर्यंत कर्ज. चांगली योजना आहे. तिच्यात अठरा व्यवसाय आहेत: सुतार, लोहार, कुंभार, सोनार, चांभार, न्हावी, धोबी, शिंपी, नाव बांधणारा, कुलूप करणारा, मासेमारीचं जाळं विणणारा वगैरे. चाक बांधणारा नाही. गाडी दुरुस्त करणाराच नाही.

अठरा हा आकडा वाचून मला अलुतेदार आठवले. बारा बलुते, अठरा अलुते. योजनेची भाषाही 'कुटुंबाधारित पारंपरिक व्यवसाय' अशीच आहे. म्हणजे बापाकडून मुलाकडे आलं ते कौशल्य. आणि आमचा मिस्त्री चौदाव्या वर्षी दुसऱ्याच्या दुकानात पाने पुसता पुसता शिकला, ते काय? त्याच्या हाताखाली आज दोन पोरं आहेत, तिघांच्या तीन जाती. गुरू आहे, शिष्य आहेत, हातानं आणि अवजारानं केलेलं काम आहे. फक्त ते आडनावातून आलेलं नाही. गेल्या पन्नास वर्षांत गावांत जन्मलेली जवळपास सगळी नवी कारागिरी, मोटार वाइंडिंग, पंप, मोबाइल, मोटरसायकल, अशीच जातीबाहेर वाढली. आपल्या कारागिराच्या व्याख्येत नेमकी तीच बसत नाही.

एका सेवा केंद्रातल्या मुलानं मिस्त्रीला मदत म्हणून सुचवलं, "लोहार म्हणून टाकू का फॉर्म?" हा नको म्हणाला. मी विचारलं का, तर म्हणाला, "मी लोहार नाही नं भाऊ. तपासाले आले तं काय भट्टी दाखवू?"

कोणी म्हणेल, अशी दुरुस्ती करणारे अर्धे जण काम बिघडवतात, त्यांना कसला सन्मान. बरोबर आहे, बिघडवतात. जिथे डुलतं तिथलेच चार निपल कसून गिऱ्हाईक वाटेला लावणारे मीही पाहिलेत. टोकं न घासणारेही. पण ज्या कामाला नाव नाही, त्याला मापही नसतं. चांगल्याला आणि वाईटाला आपण तेच दोनशे देतो. मला सत्कार नको आहे. दुचाकी दुरुस्ती हा योजनेतला एकोणिसावा व्यवसाय हवा. चाक सरळ करायचा साधा स्टँड त्या १५,०००मध्ये बसायला हवा, म्हणजे खिळा बांधावा लागणार नाही. जिल्ह्यातल्या आयटीआयनं अशा मिस्त्र्यांना शिकवायला बोलवावं, मानधन देऊन. २०२२मध्ये ग्राहक व्यवहार विभागानं 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली, त्यात वाहनंही होती. पण दुरुस्त करणाराच उरला नाही तर तो हक्क घेऊन मी चामोर्शीत कुणाकडे जाऊ? मिस्त्रीच्या दोन पोरांपैकी थोरला पुण्याला कंपनीत लागायच्या तयारीत आहे.

त्या दिवशी मी तीनशे पुढे केले. त्यानं शंभर परत दिले आणि म्हणाला, "तीन-चारशे किलोमीटर चालव अन् मंग एकदा आणून दाखव. नवे स्पोक बसले की ढिले होतेत. त्याचे पैसे लागत नाही."