पैसा उडतो, कागद चालतो



परराष्ट्र सेवा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? झेंडा लावलेली काळी गाडी, बंद गळ्याचा कोट, मेजवानीतलं हळू आवाजातलं बोलणं. हे सगळं असतं, नाही असं नाही. पण प्रत्येक दूतावासात आणखी एक बाजू असते. पासपोर्ट हरवलेले, पगार थकलेले, तुरुंगात अडकलेले आपले लोक तिथे मदत मागायला येतात. गेल्या काही वर्षांत त्यांत एका नव्या प्रकारच्या माणसांची भर पडली आहे. त्यांची गोष्ट तुमच्या हातातल्या फोनशी थेट जोडलेली आहे, म्हणून आज तिच्याबद्दल बोलू या.

१० मार्च २०२५ रोजी भारतीय हवाई दलाच्या विमानाने थायलंडच्या माए सॉत या सीमेवरच्या शहरातून २८३ भारतीयांना मायदेशी आणलं. दुसऱ्या दिवशी आणखी २६६ जण परतले. ही माणसं युद्धात सापडली नव्हती की भूकंपात. ती नोकरीसाठी गेली होती.

माए सॉतच्या कडेने मोई नावाची छोटी नदी वाहते. नदीपलीकडे म्यानमारचं म्यावड्डी शहर. त्याच्या आसपास उंच भिंतींची मोठमोठी आवारं उभी राहिली आहेत. आत ओळीने संगणक आणि फोन. इथून जगभरच्या लोकांना खोटी गुंतवणूक, खोटं प्रेम, खोटे पोलीस दाखवून लुटलं जातं. हे काम करायला माणसं लागतात, आणि ती जाहिरातीतून मिळतात. ‘थायलंडमध्ये संगणकावरचं काम, भरपूर पगार, तिकीट आमच्याकडून.’ मुलगा बँकॉकला उतरतो, न्यायला गाडी येते आणि पुढे कधीतरी नदी ओलांडली जाते. मग पासपोर्ट काढून घेतात, रोज अमुक इतकी गिऱ्हाइकं गळाला लावायची सक्ती होते, आणि नाही म्हटलं तर मारहाण. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने २०२३ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार अशा कामात जबरदस्तीने अडकवलेले लोक म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० होते.

म्हणजे विचार करा, तुमच्या आईला ‘तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय’ असं धमकावणारा आवाज कदाचित स्वतःच कुणाचा तरी कैदी असेल.

आता दूतावासाचं काम पाहा. वाणिज्य दूतांविषयीचा व्हिएन्ना करार १९६३ सालचा. त्यानुसार परदेशात अटकेत असलेल्या आपल्या नागरिकाला भेटण्याचा हक्क अधिकाऱ्यांना मिळतो. पण ज्याला सरकारने नव्हे, गुंडांनी डांबलंय, त्याला कुठे भेटणार? दुसऱ्या देशात आपल्या अधिकाऱ्याला दार फोडून आत जाता येत नाही. राजनैतिक संबंधांविषयीचा १९६१ चा करार त्याला संरक्षण देतो, तसंच यजमान देशाचे कायदे पाळण्याचं आणि त्याच्या अंतर्गत कारभारात हात न घालण्याचं बंधनही घालतो. त्यातून म्यावड्डीच्या परिसरात सत्ता चालते ती सशस्त्र गटांची. सरकारला पत्र लिहिलं, तरी ते सरकारच तिथे पोहोचत नाही.

म्हणून हे काम फोनवर, ओळखीपाळखीवर आणि चिकाटीवर चालतं. यांगूनचा दूतावास म्यानमारशी बोलतो, बँकॉकचा थायलंडशी. सुटून आलेल्याकडे पासपोर्ट नसतो, तेव्हा तो खरंच भारतीय आहे का याची गावाकडून खात्री करून घ्यायची आणि मग घरी परतण्यापुरता तात्पुरता प्रवास दाखला द्यायचा. बेकायदा सीमा ओलांडल्याबद्दल त्याच्यावर तिथे कारवाई होऊ शकते, त्याचीही वाट काढायची. मेजवान्यांच्या फोटोंत यातलं काहीच दिसत नाही.

माणूस परत आला. पण लुटलेल्या पैशाचं काय?

पैशाचा प्रवास वेगळाच असतो. तुमच्या खात्यातून निघालेली रक्कम पहिल्या खात्यात जाते, तिथून काही मिनिटांत पाच-दहा खात्यांत फुटते. मग तिचं आभासी चलन घेतलं जातं, बऱ्याचदा डॉलरशी बांधलेलं टिथर, आणि ती देशाबाहेर पडते. तपास मात्र पायी निघतो. पोलीस किंवा तपास यंत्रणा न्यायालयात जाते, न्यायालय दुसऱ्या देशासाठी विनंतीपत्र देतं, ते गृह मंत्रालयामार्फत पुढे सरकतं, काही वेळा परराष्ट्र खात्यातून दूतावासाकडे, तिथून त्या देशाच्या न्याय खात्याकडे. त्यांच्या भाषेत भाषांतर, त्यांच्या कायद्यात तो गुन्हा बसतो का याची तपासणी. पैसा उडतो, कागद चालतो.

पंजाब नॅशनल बँकेचा तेरा हजार कोटींहून मोठा घोटाळा २०१८ मध्ये उघडकीस आला. नीरव मोदीला लंडनमध्ये मार्च २०१९ मध्ये अटक झाली. त्याला भारताकडे सोपवता येईल, असा निर्णय तिथल्या न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये दिला. त्यानंतरही अपिलं आणि अर्ज वर्षानुवर्षं चालूच राहिले. ज्याचं नाव, चेहरा आणि पत्ता माहीत आहे त्याची ही कथा. बिनचेहऱ्याच्या टोळीचा माग किती अवघड असेल!

ही दरी बुजवायला १९८९ मध्ये पॅरिसच्या जी-७ शिखर परिषदेत एक गट स्थापन झाला, फायनान्शियल ॲक्शन टास्क फोर्स, म्हणजे एफएटीएफ. सुरुवातीला १६ सदस्य. १९९० मध्ये गटाने ४० शिफारशी तयार केल्या, सप्टेंबर २००१ च्या अमेरिकेतल्या हल्ल्यानंतर दहशतवादाच्या पैशालाही त्यांत आणलं. भारत २०१० मध्ये सदस्य झाला.

या गटाकडे पोलीस नाहीत, न्यायालय नाही. आहेत फक्त दोन याद्या, आपण त्यांना ‘ग्रे’ आणि ‘ब्लॅक’ म्हणतो. वर्षातून तीनदा सदस्य देशांचे प्रतिनिधी जमतात आणि कोणता देश काळा पैसा रोखण्यात कमी पडतोय हे ठरवतात. यादीत नाव आलं की जगभरच्या बँका त्या देशाशी व्यवहार करताना दहा वेळा विचार करतात, कर्ज महागतं, पैसे पाठवणं अवघड होतं. पाकिस्तान जून २०१८ ते ऑक्टोबर २०२२ ग्रे यादीत होता. तुमची बँक पुन्हा पुन्हा ‘केवायसी करा’ म्हणून मागे लागते, त्याचं मूळही याच शिफारशींमध्ये आहे. आभासी चलनाची देवाणघेवाण करणाऱ्या कंपन्यांना भारताने मार्च २०२३ मध्ये मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आणलं, तेही याच दिशेने टाकलेलं पाऊल.

मग प्रश्न पडतो. म्यानमार ऑक्टोबर २०२२ पासून इराण आणि उत्तर कोरियाच्या जोडीने काळ्या यादीत आहे, तरी म्यावड्डीचा धंदा थांबला का नाही? कारण लुटीचा पैसा म्यानमारच्या बँकेतून जावाच लागत नाही. तो जातो इंदूरच्या, बडोद्याच्या, बेळगावच्या, नागपूरच्या एखाद्या अगदी साध्या बचत खात्यातून.

आणि इथे ही गोष्ट आपल्या गल्लीत येते. कॉलेजातल्या मुलाला कुणीतरी सांगतं, ‘तुझं खातं आणि सिमकार्ड महिनाभर दे, काही हजार मिळतील, तुला काही करायचं नाही.’ मुलगा देतो. त्याला वाटतं, आपण कुठे कुणाला फसवलंय? पण खातं त्याचं, सही त्याची, केवायसीतला फोटोही त्याचाच. पोलीस पहिल्यांदा त्याच्याच दारात येतात. जाणूनबुजून अशा पैशाला वाट करून दिल्याचं सिद्ध झालं, तर मनी लाँडरिंगविरोधी कायद्यात ३ ते ७ वर्षांची सक्तमजुरी आहे. अशी भाड्याची खाती मिळाली नाहीत, तर पैशाला उडायला धावपट्टीच उरणार नाही. पॅरिसच्या बैठकीला जे जमत नाही, ते या बाबतीत एका घराला जमतं.

तेव्हा चार गोष्टी घरातल्या सगळ्यांना सांगा.

पहिली, ‘डिजिटल अरेस्ट’ असा प्रकार भारताच्या कायद्यात नाही. व्हिडिओ कॉलवर कुणालाही अटक होत नाही. असा फोन आला की ठेवून द्या.

दुसरी, पैसे गेलेच तर लाजू नका, रडत बसू नका. ताबडतोब १९३० वर फोन करा. पैसा पहिल्या-दुसऱ्या खात्यात असेपर्यंतच तो गोठवता येण्याची आशा असते.

तिसरी, परदेशातली नोकरी आली तर एजंट सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का ते पाहा. पर्यटक म्हणून जा, तिथे गेल्यावर सगळं होईल, असं कुणी म्हणालं की तिथेच थांबा. शंका असेल तर त्या देशातल्या आपल्या दूतावासाला विचारा. जाण्याआधी विचारलेला प्रश्न त्यांनाही सोपा आणि तुम्हालाही.

चौथी, आपलं बँक खातं, एटीएम कार्ड, सिम कुणालाही वापरायला देऊ नका. मित्राला नाही, मित्राच्या मित्राला तर नाहीच.

दूतावासातले अधिकारी माणसं परत आणतील, कागद चालत चालत कधीतरी पोहोचतील. पण ज्या घरातला मुलगा चुकीच्या विमानात बसलाच नाही आणि ज्या आजीने फोन वेळेवर ठेवून दिला, त्या घराला कुठल्याच कागदाची वाट पाहावी लागत नाही. आज रात्री जेवताना हा विषय काढा. आजी-आजोबांशी बोला, आणि नोकरी शोधणाऱ्या मुलांशी तर नक्कीच.