भाषा बिघडते, की लिहिणारा थांबतो?



गेल्या महिन्यात हिल्सबरो येथील आमच्या घरी चार कुटुंबे जमली होती. बुद्धवंदना झाली, जेवणे झाली आणि मग मुलांच्या हातांतील फोनकडे पाहून मोठ्यांची नेहमीची चर्चा सुरू झाली. या मुलांना धड एक वाक्य लिहिता येत नाही. शब्दाऐवजी एकच अक्षर, विरामचिन्हांचा पत्ता नाही. अशाने इंग्रजी भाषेचे वाटोळे होणार. 'ज्या भाषेत बाबासाहेबांनी राज्यघटनेचा मसुदा सिद्ध केला, तिची ही दशा!' असा उद्वेग एका ज्येष्ठ काकांनी व्यक्त केला. मी त्या वेळी मान डोलावली. पाहुण्यांशी वाद घालू नये, एवढेच त्यामागचे कारण होते. माझे खरे मत वेगळे आहे, ते येथे मांडतो.

इंग्रजीविषयीची ही चिंता नवी नाही. न्यूझीलंडमध्ये 2006 साली येथील पात्रता प्राधिकरणाने शालेय परीक्षांबाबत एक भूमिका घेतली होती. उत्तरात विद्यार्थ्याची समज स्पष्ट दिसत असेल, तर मोबाइलवरील संक्षिप्त शब्द वापरले म्हणून त्याचे गुण नाकारू नयेत, अशी ती भूमिका. भाषेची परीक्षा असेल तेथे मात्र ही सवलत नव्हती. त्यावर मोठा गदारोळ झाला. त्या पिढीतील मुले आज येथे शिक्षक आहेत, वकील आहेत, माझ्या कार्यालयात माझे सहकारी आहेत. त्यांचे इंग्रजी बिघडल्याचे मला दिसत नाही. 'ओएमजी' हे संक्षिप्त रूप मुलांनी फोनवर शोधून काढले असे आपण समजतो. पण ब्रिटिश नौदलातील लॉर्ड फिशर यांनी ते 1917 साली चर्चिल यांना लिहिलेल्या पत्रात वापरले होते. ऑक्सफर्डच्या शब्दकोशाने त्याला 2011 साली जागा दिली.

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. मैत्रिणींना ती जे लिहिते ते मला अर्धे कळत नाही. तीच मुलगी शाळेत निबंध लिहिते, तेव्हा परिच्छेद पाडते, स्वल्पविराम देते आणि माझ्या इंग्रजीतील चुकाही दाखवते. कोठे कसे लिहावे हे तिला कोणी बसवून शिकवलेले नाही. घरातील कपडे आणि विहारात जातानाचे कपडे वेगळे असतात हे जसे तिला कळते, तसेच हेही कळते. इंग्रजीच्या पाठीशी शाळा आहेत, न्यायालये आहेत, वृत्तपत्रे आहेत, करारनामे आहेत. अनौपचारिक लेखन हे त्या भाषेच्या अनेक खोल्यांपैकी एका खोलीतील बोलणे आहे. त्या खोलीत गोंधळ झाला म्हणून घर कोसळत नाही.

एक गोष्ट मात्र मुलीला मी स्पष्ट सांगितली आहे. ढिसाळ लिहिण्याची मोकळीक सर्वांना सारखी मिळत नाही. माझ्या पहिल्या नोकरीत माझ्या एका ईमेलमधील क्रियापदाची चूक भर बैठकीत वाचून दाखवली गेली होती. त्याच बैठकीतील एक गोरा सहकारी एकही मोठे अक्षर न वापरता लिहीत असे. त्याला सगळे 'कामात बुडालेला' म्हणत. आमच्या मुलांनी फोनवर वाटेल तसे लिहावे, पण प्रमाण इंग्रजी त्यांच्या हातात पक्के असावे, असे मला वाटते ते या अनुभवामुळे. त्यात इंग्रजीच्या पावित्र्याचा प्रश्न नाही.

पण त्या दिवशी आम्ही तासभर इंग्रजीची चिंता वाहिली आणि ती चर्चा कोणत्या भाषेत चालली होती याचा विचार कोणी केला नाही. खरी अडचण मराठीची आहे. इंग्रजीला अनेक खोल्या आहेत. हिल्सबरोतील आमच्या मराठीला एकच खोली आहे, ती म्हणजे फोन. येथे मराठीत अर्ज लिहावा लागत नाही, निबंध लिहावा लागत नाही, दुकानाची पाटी वाचावी लागत नाही. कुटुंबाच्या गटात जे लिहिले जाते तेवढेच आमचे मराठी लेखन. अशा भाषेत अनौपचारिक लेखन हेच संपूर्ण लेखन असते. म्हणून ते कसे होते, कोणत्या लिपीत होते आणि कोणाला करू दिले जाते, याला महत्त्व येते.

प्रथम लिपी. आपल्यापैकी बहुतेक जण मराठी रोमन अक्षरांत लिहितात. याचे मूळ आळसात नव्हते. जुन्या फोनवरील एका लघुसंदेशात रोमन अक्षरे 160 मावत, तर देवनागरीत लिहिल्यास मर्यादा 70 वर येई. काना, मात्रा, वेलांटी यांचीही त्यात वेगळी मोजणी होई. मराठीत मनातले सांगायचे तर दुप्पट पैसे मोजावे लागत आणि कित्येक फोनवर समोरच्याला नुसते चौकोन दिसत. माझ्यासारख्या विद्यार्थ्यांनी तेव्हा रोमन लिपी पत्करली ती व्यवहार म्हणून. ते कारण संपून बरीच वर्षे झाली. आज प्रत्येक फोनमध्ये देवनागरी कळफलक आहे, सवय मात्र जुन्या फोनचीच राहिली आहे.

आपण मोठे झालो ते देवनागरी वाचत. म्हणून रोमनमध्ये लिहिलेले 'काल' आहे की 'काळ', 'बरा' आहे की 'बारा', हे आपल्याला संदर्भाने कळते. आपल्या मुलांजवळ तो आधार नाही. माझ्या मुलीने मराठी पाहिले आहे ते केवळ रोमन अक्षरांत. बाबासाहेबांचे इंग्रजी ग्रंथ ती उद्या वाचेल. पण 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' यांतील त्यांचे मराठी अग्रलेख, शाहिरांची भीमगीते, 'बलुतं', एवढेच काय, तिच्या आजोबांच्या डायऱ्याही तिच्यासमोर बंद राहतील. मराठी अशुद्ध झाल्याने हे घडणार नाही. ते घडेल अक्षरओळख तुटल्याने.

आता शुद्धतेविषयी. हा शब्द आपल्या समाजाने तरी जपून वापरावा. विनयपिटकातील चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळांत जन्मलेले, मधुर वाणीचे दोन भिक्खू तथागतांकडे गेले. निरनिराळ्या गोत्रांतून आणि जातींतून आलेले भिक्खू आपापल्या बोलीत बुद्धवचन बोलून ते बिघडवतात, तेव्हा आम्ही ते छंदोबद्ध करून ठेवतो, असे त्यांनी सुचवले. तथागतांनी त्यांना फटकारले, तसे करणे हा दोष ठरवला आणि बुद्धवचन 'सकाय निरुत्तिया' शिकण्याची अनुज्ञा दिली. या शब्दांचा अर्थ आचार्य बुद्धघोषांनी वेगळा लावला, हे मला ठाऊक आहे. पण 'आपापल्या भाषेत' हाच अर्थ त्या प्रसंगाला शोभतो असे माझे मत आहे. भाषा बिघडते आहे, ही तक्रार अडीच हजार वर्षांपूर्वीही होती आणि तिचा रोख गोत्राकडे व जातीकडेच होता.

महात्मा फुल्यांच्या वाट्याला तेच आले. 1874 साली सुरू झालेल्या 'निबंधमाले'त विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी जोतीरावांच्या व्याकरणाची टर उडवली. जोतीराव जे सांगत होते त्याला उत्तर देण्यापेक्षा ते कसे सांगत होते यावर हसणे सोपे होते. शिवाय शुद्धतेचे नियम तरी स्थिर कोठे आहेत? मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम 1962 साली आले, 1972 साली त्यांत भर पडली आणि जुन्या लेखनातील असंख्य अनुच्चारित अनुस्वार गळून पडले. 'नाहीं' आणि 'कांहीं' लिहिणे एके काळी शुद्ध होते. आज ती चूक आहे. 1927 सालच्या 'बहिष्कृत भारता'चे कोणतेही पान आजच्या तपासनिसाच्या हाती दिले, तर ते लाल शाईने भरून जाईल.

हे सारे मला माहीत होते, तरीही मी जे केले ते सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. माझी आई नागपूरला इंदोऱ्यात राहते. सातवीपर्यंत शिकलेली. साठीनंतर तिने फोनवर देवनागरीत लिहायला स्वतःहून शिकून घेतले. एकदा मुलीला सर्दी झाली असता तिने कुटुंबाच्या गटात लिहिले, 'बाबू, तिले हयद टाकून दूध दे.' त्या गटात तीस नातेवाईक आहेत. मी सर्वांदेखत लिहिले, 'आई, हयद नाही हळद, तिले नाही तिला.' पुढे हसणारा चेहराही जोडला. मला ती थट्टा वाटली होती. दोन भाच्यांनी त्यावर आणखी हसणारे चेहरे टाकले. त्यानंतर आईने गटात एक ओळही लिहिलेली नाही. रोज सकाळी बुद्धमूर्तीचे आयते चित्र पाठवते, बोलायचे असले तर आवाजाचा संदेश पाठवते. माझ्या हे लक्षात यायला सात-आठ महिने लागले. मी लावलेला तो नियम पुण्याच्या शाळेतला होता आणि ती बोली माझ्या स्वतःच्या घरातली.

म्हणून आपल्या मंडळाच्या गटापुरती माझी एक विनंती आहे. तेथे कोणाच्याही मराठीतील ऱ्हस्वदीर्घ वा बोली सुधारू नये. ज्यांना येते त्यांनी देवनागरीत लिहावे, ज्यांना येत नाही त्यांना कळफलक बसवून द्यावा. ते पाच मिनिटांचे काम आहे आणि मी कोणाच्याही घरी येऊन ते करीन.

मुलीच्या फोनवर गेल्या रविवारी बसवून दिला. तिचा पहिला प्रश्न, 'ळ कुठे आहे?' अर्धा तास खपून तिने आजीला लिहिले, 'आजी मि ठिक आहे तुजी आठवन येते.' माझे बोट दोनदा पुढे गेले होते, मी ते आवरले. आईचे उत्तर अजून आवाजातच आले आहे. त्यात ती नातीला विचारत होती, हे तूच लिहिलं का बाई.