घसारा अवजारांचा धरता, मग कमरेचा का नाही?



उत्पादन खर्चाचा हिशेब आता आपल्याला तोंडपाठ आहे. बियाणे, खत, औषध, मजुरी, बैलजोडी, कर्जावरचे व्याज. केंद्राचा कृषी खर्च व मूल्य आयोग हा हिशेब मांडतो तेव्हा अवजारांचा घसाराही त्यात धरतो. फाळ झिजतो, तिफण मोडते, म्हणून दरवर्षी थोडी रक्कम त्यांच्या नावे मांडायची. हे योग्यच आहे. पण तोच कापूस, तीच ज्वारी घेऊन खड्ड्याखड्ड्यांतून बाजार गाठणाऱ्या माणसाचा कणाही झिजतो. त्याचा घसारा कोणत्या रकान्यात लिहिला आहे? तो रकानाच नाही.

गावोगाव बैठकांना जातो तेव्हा चाळिशीतली माणसे कमरेवर हात ठेवून उठताना दिसतात. विचारले तर म्हणतात, "वय झालं, चालायचंच." आमचे म्हणणे असे की यातले सगळेच वय नव्हे. वाकून केलेली निंदणी-वेचणी त्यात आहे, उचललेली ओझी आहेत, आणि रस्त्याने गाडीतून दिलेले हादरेही आहेत. पहिल्या दोन गोष्टी डोळ्यांना दिसतात. तिसरी दिसत नाही, म्हणून तिच्याबद्दल लिहितो आहोत.

झोक्याला नेमक्या वेळी हलका धक्का दिला तरी तो उंच जातो, कारण झोक्याला स्वतःचा ताल असतो. बसलेल्या माणसाच्या धडालाही असा ताल आहे. खालून-वर येणाऱ्या हादऱ्यांसाठी तो सेकंदाला साधारण ४ ते ८ हेलकाव्यांचा असतो. नेमके त्या तालाचे हादरे आले की कणा सीटपेक्षाही जास्त हलतो. चांगल्या मोटारीच्या स्प्रिंगा सेकंदाला एक-दोन हेलकाव्यांच्या बेताने बसवतात, म्हणून साहेबाला खड्डा कळतो पण लागत नाही. आपल्या नेहमीच्या ट्रॅक्टरच्या मागच्या एक्सलला स्प्रिंगच नसते. टायरची हवा हीच त्याची स्प्रिंग. जीपला पाटे असतात, पण नऊच्या जागी पंधरा माणसे कोंबली की पाटे दबून टेकतात आणि धक्का सरळ माकडहाडाला बसतो.

दोन मणक्यांमध्ये एक गादी असते. मोठ्या माणसात या गादीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. तिचे पोषण शेजारच्या मणक्यातून झिरपून येते. म्हणून एकदा झिजलेली गादी सहजी भरून येत नाही. हादऱ्यांच्या प्रवासात पाठीचे स्नायू सारखे आवळत आणि सैल होत राहतात, थकतात, आणि अचानक आलेले वजन सावरायला उशीर करतात. अशा वेळी गाडीतून उतरल्या उतरल्या पोते पाठीवर घेतले की कमरेत चमक भरते. दोष पोत्याला जातो. रस्ता नामानिराळा राहतो.

हे सगळे मोजता येते. सीटवर यंत्र ठेवून हादऱ्याचा जोर मोजतात. युरोपीय संघाने २००२ साली कायदा करून कामगारांसाठी मर्यादा ठरवल्या. आठ तासांच्या कामात हा जोर ०.५ मीटर प्रति सेकंद वर्गाच्या वर गेला की मालकाने उपाय करायचे, १.१५ च्या वर माणसाला बसवायचेच नाही. हादरा दुप्पट झाला तर वेळ निम्मा करून भागत नाही, चौथाईवर आणावा लागतो. म्हणजे ०.५ चा हादरा आठ तास सोसणे आणि १ चा हादरा दोन तास सोसणे हे त्या हिशेबाने सारखेच. जर्मनीत तर वर्षानुवर्षे हादरे देणाऱ्या सीटवर बसून होणारा कमरेचा आजार १९९३ पासून व्यवसायजन्य आजारांच्या यादीत आहे. गंमत अशी की युरोपच्या त्या कायद्यातही शेतीच्या यंत्रांना २०१४ पर्यंत सवलत देण्याची सोय ठेवली होती. शेतकऱ्याचा नंबर तिथेही शेवटचाच.

आपल्याकडे शेतकरी स्वतःच मालक आणि स्वतःच मजूर. म्हणून त्याच्या कमरेला कोणी मालक नाही.

कोणी म्हणेल, कापसाला भाव नाही, डोक्यावर कर्ज आहे, अशा वेळी हे कमरेचे काय काढले? भावाचा आणि कमरेचा प्रश्न एकच आहे. घरच्या माणसांच्या राबण्याचे दिवस मोजून त्यांची मजुरी हिशेबात धरतात, आणि शरीर मात्र कधी न झिजणारे समजतात. आपण घामाचे दाम मागत आलो. हाडांचे दाम मागायचे राहून गेले. आणि रस्ता हा चळवळीला परका विषय नाही. जानेवारी १९८० मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली वांद्रे ते चाकण असा पायी मोर्चा निघाला, तो रस्त्यासाठीच होता.

आता आपल्या रस्त्यांकडे पाहू. जी काळी माती कापूस पिकवते, तीच रस्ता मोडते. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पाडते. अशा मातीवर थेट खडी आणि वर डांबराचा पातळ थर दिला की एक-दोन पावसाळ्यांत रस्त्याला लाटा येतात. उपाय नवा नाही: दोन्ही बाजूंनी पाणी काढणारे चर, खडीखाली चांगल्या मुरमाचा जाड थर, किंवा मातीत चुना मिसळून तिचे फुगणे कमी करणे. आम्ही कृषी महाविद्यालयात या मातीचे गुण पिकासाठी शिकलो. रस्त्याच्या इंजिनियरलाही ते ठाऊक असतात. चर खोदायचे अंदाजपत्रकात असते, जागेवर नसते.

म्हणून मागण्या तीन. पहिली, उत्पादन खर्चात शेतकऱ्याच्या आणि शेतमजुराच्या शरीराच्या झिजेचा रकाना हवा. दुसरी, शेतकऱ्याला विकल्या जाणाऱ्या प्रत्येक ट्रॅक्टरच्या सीटवर किती हादरा बसतो तो आकडा किमतीच्या पत्रकावर छापलेला हवा. अश्वशक्ती छापता तसा. तिसरी, गावरस्त्यांच्या देखभालीचा हिशेब गावासमोर हवा. २५ डिसेंबर २००० ला सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेच्या रस्त्यांवर काम पुरे झाल्यापासून पाच वर्षे देखभाल करणे ठेकेदाराच्या करारातच असते. ते कोणाचे उपकार नव्हेत.

मागण्या मान्य होईपर्यंत कंबर तर सांभाळली पाहिजे. एस.टी.त शेवटच्या बाकावर बसू नका. मागच्या चाकांच्या पलीकडची जागा सगळ्यात जास्त उडते. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधली जागा धरा. दिवस भरत आलेल्या बाईला आणि कमरेच्या रोग्याला ती जागा आधी द्या. वाकून किंवा मान वळवून प्रवास करू नका. उतरल्यावर पाच-दहा मिनिटे पायी चाला, मगच ओझे उचला. जीपवाल्याला वेग कमी करायला सांगताना लाजू नका; खराब रस्त्यावर वेगाने वाचलेली दहा मिनिटे कमरेच्या खात्यातून जातात. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर तर पोराबाळांना बसवूच नका. तिथे हादऱ्यापेक्षा मोठा धोका चाकाखाली जाण्याचा आहे.

जिल्हा मेळाव्यात या तीन मागण्यांचा ठराव येईल. ठरावाला नुसते हात वर करून चालणार नाही, पुरावा लागेल. योजनेच्या रस्त्याच्या तोंडाशी माहितीचा फलक असतो. काम पुरे झाल्याची तारीख, ठेकेदाराचे नाव आणि देखभालीची मुदत त्यावरून उतरवून घ्या. फलक नसेल तर फलक नाही असे लिहा. खाली रस्त्यावर किती खड्डे आहेत आणि बाजूला चर आहे की नाही, एवढे लिहा. गावातल्या पाच जणांच्या सह्या घ्या आणि तो कागद मेळाव्याला घेऊन या.