गृहिणीशीं हितगुज : एक कणीक, तीन भांडीं

असोद्याहून एका भगिनीचें पत्र आलें आहे. त्यांचें माहेर गोव्याकडील सारस्वत घराण्यांतलें, सासर खानदेशांतील देशस्थ. घरांत सासूबाई व मामंजी आहेत, दीर-जाऊ आहेत, मुलेंबाळें आहेत. थोरला मुलगा पुण्यास शिकतो. तेथें एका उपाहारगृहांत त्यानें 'केजन पास्ता' नांवाचा, कोळंबी घातलेला, मलईदार आणि झणझणीत पदार्थ खाल्ला व सुटींत घरीं येतांच तोच आईकडे मागितला. सासूबाई रागावल्या नाहींत. "तुम्हांला करायचें तें करा, माझ्या चुलीवर मात्र मासळी नको," एवढेंच त्या म्हणाल्या. या भगिनी विचारतात कीं, परसांत वेगळी शेगडी मांडून निराळा स्वयंपाक करावा, कीं मुलाला सरळ नाहीं म्हणावें?

प्रश्न वरकरणीं पाककृतीचा दिसला तरी तो पंक्तीचा आहे. परसांत निराळा स्वयंपाक सुरू झाला कीं आधीं पदार्थ वेगळा होतो, मग जेवणाची वेळ वेगळी होते, आणि पुढें मुलें आजीच्या ताटाशेजारीं बसेनाशीं होतात. बरें, मुलाला नाहीं म्हणावें, तर तो तेंच बाहेर जाऊन खाणार, आणि घरच्या अन्नाविषयीं त्याच्या मनांत उगीच अढी बसणार. आमच्या मतें येथें तिसरी वाट आहे. पदार्थ कोठपर्यंत सर्वांचा असतो आणि कोठें त्याला फाटा फुटतो, ती जागा गृहिणीनें आधीं शोधावी. तेथपर्यंतचें सारें काम एकत्र करावें, आणि फाट्यापाशीं फक्त भांडें बदलावें.

प्रथम हा पदार्थ आहे तरी काय, तें पाहूं. 'केजन' हें 'अकेडियन' या शब्दाचें झिजलेलें रूप आहे. सतराव्या शतकांत कांहीं फ्रेंच कुटुंबें आजच्या कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर अकेडिया नांवाच्या मुलखांत वसलीं होतीं. ब्रिटिश राजसत्तेशीं बिनशर्त एकनिष्ठेची शपथ घेण्यास तीं तयार होईनात, म्हणून १७५५ सालापासून त्यांना तेथून हुसकावून लावण्यांत आलें. त्यांतील कित्येक कुटुंबें पुढें अमेरिकेच्या दक्षिणेस, लुइझियानांतील दलदलीच्या प्रदेशांत येऊन स्थिरावलीं. जुन्या मुलखाचें सामान तेथें मिळेना; मिळे तो भात, कोळंबी आणि मिरची. तेव्हां हातीं होतें त्यांतच त्यांनीं आपली रीत चालविली. फ्रेंच स्वयंपाकांत कांदा, गाजर व सेलरी परतून आरंभ करतात; लुइझियानांत गाजराच्या जागीं ढोबळी मिरची आली. मलई घातलेला पास्ता हा मात्र त्यांचा जुना पदार्थ नव्हे. न्यू ऑर्लीन्स येथें पॉल प्रूडोम या पाककुशल गृहस्थानें १९७९ सालीं पत्नीसह उपाहारगृह काढलें, आणि केजन मसाल्याची कीर्ति दूरवर पसरली. त्यानंतरच्या काळांत अमेरिकेंतील उपाहारगृहांनीं इटालियन पास्ता, मलई आणि हा मसाला यांची सांगड घातली.

सारांश, हा पदार्थच मुळीं बदलत्या सामानांतून जन्मलेला आहे. समुद्रापासून शेंकडों किलोमीटर दूर असलेल्या असोद्यास आपण त्यांत बदल केला, तर त्याचा कांहीं अपमान होत नाहीं. आणि मिरची मूळची अमेरिकेचीच. सोळाव्या शतकांत ती पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली. आजीच्या ठेच्यांतली मिरचीहि एके काळीं परकीच होती, हें नातवानें व आजीनें दोघांनींहि ध्यानांत ठेवावें.

आतां कणीक. वाळविलेला चांगला पास्ता ड्युरम जातीच्या गव्हाच्या रव्याचा करतात, आणि आपला बन्सी गहूं त्याच जातीचा आहे. म्हणून हा पास्ता घरींच करणें मुळींच अवघड नाहीं. सहा माणसांस बारीक बन्सी रवा अर्धा किलो घ्यावा व सुमारें २५० मिलिलिटर कोमट पाण्यांत घट्ट भिजवावा. प्रथम तो कोरडा व भरभरीत वाटेल. म्हणून पाणी वाढवूं नये. दहा मिनिटें जोर लावून मळावा आणि ओल्या फडक्याखालीं अर्धा तास मुरूं द्यावा. रवा पाणी पिऊन मऊ होतो. मग त्याचे तीन भाग करावे. दोन भाग पास्त्यासाठीं ठेवावे. तिसऱ्या भागांत हळद, तिखट, थोडा ओवा, मीठ व चमचाभर तेल घालून पुन्हां मळावें. हा भाग वरणफळांचा.

येथें वाचक भगिनींच्या लक्षांत आलेंच असेल कीं, आजीचीं वरणफळें आणि नातवाचा पास्ता हीं सख्खीं भावंडें आहेत. कणीक लाटून, कापून, उकळत्या द्रवांत शिजवावयाची, हीच दोहोंची रीत. भेद इतकाच कीं, पास्ता पाण्यांत शिजवून मग रसांत घालतात, आणि वरणफळें थेट वरणांतच शिजतात. म्हणून पहिलें भांडें वडील माणसांचें. तुरीचें वरण पातळ करून त्यास हिंग-मोहरीची फोडणी द्यावी, चिंच-गूळ घालावा, आणि वरण खळखळूं लागलें कीं शंकरपाळ्यांसारखे कापलेले तुकडे एकेक करून सोडावे. दहा-बारा मिनिटांत ते शिजतात. वर साजूक तूप घालावें. कांदा-लसूण नको असणाऱ्यांस हें निर्धास्त वाढतां येतें.

राहिलेले दोन भाग पोळीहून किंचित् जाड लाटून त्यांच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापाव्या व कोरडा रवा भुरभुरून फडक्यावर पसराव्या. चार लिटर पाणी उकळावें, लिटरला दहा ग्रॅम या मानानें मीठ घालावें, आणि पट्ट्या सोडाव्या. चार-पांच मिनिटांत एक काढून दांतांनीं तोडून पाहावी. मध्यें कच्चा रवा लागूं नये, पण लगदाहि होऊं नये. उपसण्यापूर्वीं त्यांतलें दोन वाट्या पाणी अवश्य काढून ठेवावें. या पाण्यांत गव्हाचें पिष्ट उतरलेलें असतें. स्निग्धांश व पाणी एकमेकांपासून फुटूं न देतां धरून ठेवण्याचें काम तें करतें, आणि त्यामुळें मलई कमी घालूनहि रस दाट होतो. बाजारचा पास्ता आणावयाचा असल्यास कांहीं प्रकारांत अंडें असतें. वेष्टनावरील हिरवी खूण पाहूनच घ्यावा. चीज घालावयाचें तर त्याचीहि हीच परीक्षा करावी, कारण इटलीचें पारंपरिक पार्मेझान चीज वासराच्या जठरांतील विरजण लावून करतात.

मसाला घरींच होतो. ब्याडगी मिरचीची पूड दोन चहाचे चमचे, झणझणीत मिरचीची पूड अर्धा चमचा, मिरेपूड अर्धा चमचा, वाळल्या लसणाची पूड एक चमचा, आणि भाजून कुटलेला ओवा पाव चमचा. परदेशीं यांत थाइम नांवाचा सुगंधी पाला घालतात. त्याचा वास ज्या थायमॉल द्रव्याचा, तेंच द्रव्य ओव्यांतहि असतें. तेव्हां हा बदल केवळ सोयीचा नसून शास्त्राला धरून आहे. मात्र ओवा उग्र असतो. चिमूटभर अधिक पडला तर सारा पदार्थ पोटदुखीच्या काढ्यासारखा लागेल. आपला काळा मसाला कितीहि आवडता असला तरी येथें घालूं नये; त्यांतील खोबरें व दगडफूल मलईवर कुरघोडी करतात.

दुसरें भांडें वांग्याचें, आणि येथें खानदेशाचा हात कोण धरणार? जळगांवच्या भरिताच्या वांग्यास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, आणि असोदा व बामणोद हीं गांवें तर या वांग्यांसाठीं नांवाजलेलींच आहेत. चातुर्मासांत कांदा, लसूण व वांगें वर्ज्य करणाऱ्या घरीं चंपाषष्ठीला खंडोबास भरित-रोडग्याचा नैवेद्य झाला म्हणजे तीं पुन्हां सुरू होतात. त्या घरीं हा पदार्थ त्यानंतरच्या थंडींत करावा. तेव्हां वांगींहि ऐन बहरांत असतात. अर्धा किलो वांगीं कपाशीच्या पऱ्हाट्यांवर, नाहीं तर गॅसवर, सालें काळीं होईतों भाजावीं. सोलून चाळणींत निथळावीं. निम्मीं ठेचावीं. निम्म्यांच्या लांब फोडी करून त्यांवर थोडा मसाला भुरभुरावा व तापल्या तव्यावर लोण्यांत कडा काळसर होईतों परताव्या. केजन लोक मासा असाच मसाल्यांत घोळून काळसर भाजतात; धुराचा तो वास आपल्याला वांग्यांतून आयताच मिळतो.

आतां रस. कढईंत ५० ग्रॅम लोण्यावर एक बारीक चिरलेला कांदा, एक ढोबळी मिरची व चार पाकळ्या लसूण मऊ होईतों परतावीं. आंच मंद करून दोन चमचे मसाला घालावा आणि अर्धा मिनिटच हलवावा. रंग व वास लोण्यांत उतरला पाहिजे, पण मिरची जळतां कामा नये. मग एका टोमॅटोचा गर घालून आटवावा, ठेचलेलें वांगें व वाटीभर पास्त्याचें पाणी घालावें. उकळी बसली कीं १५० मिलिलिटर ताजी मलई घालावी व पुन्हां उकळूं देऊं नये. आठवडाभर सांठविलेली साय येथें चालत नाहीं. ती आंबूस असते आणि टोमॅटोशीं गांठ पडतांच फुटते. शेवटीं पट्ट्या घालून दोन मिनिटें हलवाव्या, घट्ट वाटल्यास आणखी पाणी घालावें, आणि वर वांग्याच्या फोडी मांडाव्या. मासळी न खाणाऱ्या सर्वांसाठीं पदार्थ येथें पुरा झाला.

तिसरें भांडें कोळंबीचें, आणि शेगडीची गरज लागते ती एवढ्यापुरतीच. गोव्याकडील व कारवारकडील सारस्वतांच्या घरीं, तसेंच बंगाल व मिथिलेंतील ब्राह्मणांतहि मासळी हें रोजचें अन्न आहे. सुनेनें माहेरचें अन्न चोरून खावें, हें कोणत्याच घराला शोभत नाहीं. गोठविलेली कोळंबी आणल्यास रात्रभर शीतकपाटाच्या खालच्या कप्प्यांत वितळूं द्यावी; ओट्यावर उघडी ठेवूं नये आणि एकदां वितळल्यावर पुन्हां गोठवूं नये. सोलून पाठीवरील काळा दोरा काढावा, धुऊन कोरडी करावी, मीठ व मसाला चोळावा. पाव किलो कोळंबी तापल्या तव्यावर दोन-तीन मिनिटांत होते. ती गुलाबी होऊन अर्धचंद्रासारखी वळली म्हणजे उतरावी. वाटोळें कडें झालें कीं ती चिवट झाली असें समजावें. ज्यांना हवी त्यांच्या ताटांत ती पास्त्यावर ठेवावी. कढईंत कधींहि घालूं नये. तवा, उलथनें व चिमटा हीं त्यासाठीं निराळींच ठेवावीं. सोवळें जें सांगतें, तेंच येथें वैद्यकहि सांगतें. कारण कांहीं माणसांना कोळंबीचा अंशहि बाधतो, ओठ सुजतात, श्वास कोंडतो. असें झाल्यास तत्काळ डॉक्टरांकडे न्यावें.

एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. या तिन्ही भांड्यांत काय आहे, तें पंक्तीस बसण्यापूर्वींच मोठ्यानें सांगावें. वडील माणसांस 'कळलें नाहीं तर काय बिघडलें' अशा बुद्धीनें कांहींहि वाढूं नये. अन्न बदललें म्हणून घरें फुटत नाहींत. वाढणाऱ्या हातावरचा विश्वास उडाला म्हणजे फुटतात. सासूबाईंनीं चुलीची अट घातली ती स्पष्ट शब्दांत घातली; सुनेनेंहि ती तितक्याच स्पष्टपणें पाळावी, आणि मग परसांतल्या त्या पांच मिनिटांच्या तव्याविषयीं कोणी मन कलुषित करूं नये. पत्र लिहिणाऱ्या भगिनींच्या मुलालाहि एक काम द्यावें : कणीक त्यानें मळावी आणि वरणफळें आजीजवळ बसून कापावीं. मागणाऱ्यानें हात लावला म्हणजे मागणें हट्टाचें राहत नाहीं.

कामाचा क्रम असा ठेवावा : सकाळीं वांगीं भाजून ठेवावीं, जेवणापूर्वीं दीड तास कणीक भिजवावी, मग वरण, मग रस. वरणफळें तुपाखालीं मुरत असतांना पट्ट्या पाण्यांत सोडाव्या, आणि त्याच वेळीं परसांत तवा तापत ठेवावा. पास्ता वाट पाहत नाहीं, थंड झाला कीं त्याचा गोळा होतो. म्हणून पाटपाणी आधीं मांडून, सर्वांना हांक मारून मगच तो उपसावा. वाढतांना पहिलें ताट वडिलांचें, आणि पंक्ति एकच.