उसाच्या बेटाची कसोटी

हिंदी महासागरातील मॉरिशस १९६८ साली स्वतंत्र झाला, तेव्हा ऊस आणि वाढती लोकसंख्या यांखेरीज त्याच्यापाशी फारसे काही नव्हते. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांनी तर १९६१ मध्येच या बेटाच्या भवितव्याविषयी निराशा व्यक्त केली होती. ते भाकीत खोटे ठरले. साखरेतून साठलेले भांडवल मळेवाल्यांचे होते. श्रम मात्र प्रामुख्याने १८३४ पासून गिरमिटिया म्हणून नेलेल्या भारतीयांच्या वंशजांचे. त्यांत कोकणातून गेलेली मराठी कुटुंबेही होती. या दोहोंच्या बळावर १९७० नंतर तयार कपड्यांची निर्यात, मग पर्यटन आणि वित्तसेवा उभ्या राहिल्या. एका पिकावर विसंबायचे नाही, हेच या प्रगतीचे मर्म होय.

२०२० मध्ये जागतिक बँकेने मॉरिशसला उच्च उत्पन्न गटात स्थान दिले. परंतु त्याच वर्षी कोरोनाने पर्यटन ठप्प झाले, अर्थव्यवस्था सुमारे १५ टक्क्यांनी आकसली आणि वर्षभरातच ते स्थान गेले. दरडोई उत्पन्नाचा आकडा म्हणजे राष्ट्राची समृद्धी नव्हे. आघात सोसून पुन्हा उभे राहण्याचे सामर्थ्य हीच खरी समृद्धी; आणि ते सामर्थ्य प्रत्येक पिढीला नव्याने कमवावे लागते.