काढा ‘फक्त’ नसतो

“गोळ्या नाही हो डॉक्टर, फक्त गुळवेलीचा काढा घेतो.” दवाखान्यात हे नेहमी ऐकतो आणि त्यातले ‘फक्त’ खटकते. काढ्याने गुण येतो असे तुम्हीच म्हणता ना? मग तो शरीरावर काम करतो हेही माना; आणि जे काम करते ते अपायही करू शकते.

करोनाच्या भीतीने घरोघरी काढे उकळत होते. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या 6 रुग्णांच्या यकृताला झालेल्या इजेची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली: ती खरी गुळवेल कशावरून? तिच्यासारखीच दिसणारी दुसरी जात असेल. बरे, तसे धरू. पण मग कुंपणावरची वेल तोडून आणणाऱ्या तुम्हाला हा फरक ओळखता येतो का? चूर्णात तर पानही दिसत नाही!

स्वप्रतिकारक आजार असणाऱ्यांनी ती मनाने मुळीच घेऊ नये. आणि काढा चालू असताना लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, तर “उष्णता झाली” म्हणत बसू नका. काढा त्याच दिवशी बंद करा, यकृताची रक्ततपासणी करून घ्या आणि डॉक्टरांना काढ्याबद्दल सांगा. त्यांनी विचारले नाही तरी सांगा.