दोन आजारांचे एक नाव

दोन शब्दांची मोडतोड करून तिसरा घडविण्याची इंग्रजीतील रीत जुनी आहे. ल्युइस कॅरॉलने 1871 मध्ये अशा शब्दांना दोन कप्प्यांच्या प्रवासी पेटीची, म्हणजे 'पोर्टमँटो'ची उपमा दिली. 'स्मोक' आणि 'फॉग' मिळून 'स्मॉग' झाला; 'ब्रेकफास्ट' आणि 'लंच' मिळून 'ब्रंच'. यांत सोयीचा आणि थोडा गमतीचा भाग आहे. 'स्टॅगफ्लेशन'चे मूळ मात्र राजकारणात आहे.

17 नोव्हेंबर 1965 रोजी हाऊस ऑफ कॉमन्समध्ये विरोधी बाकांवरून बोलताना हुजूर पक्षाचे इयन मॅक्लिऑड यांनी हा शब्द वापरला. 'स्टॅग्नेशन'चे डोके त्यांनी 'इन्फ्लेशन'च्या धडाला जोडले. अर्थशास्त्राच्या ग्रंथात नव्हे, तर मजूर सरकारवर उगारलेले हत्यार म्हणून तो रूढ होऊ लागला. त्या काळचे बहुतेक धोरणकर्ते फिलिप्स यांच्या 1958 च्या निबंधावरून काढलेल्या निष्कर्षावर विसंबून होते: बेकारी वाढली की भाववाढ ओसरते. दोन्ही एकदम वाढतील ही शक्यताच रूढ मांडणीत बसत नव्हती. मग तिला नाव कोठून असणार? 1973 च्या तेल दरवाढीनंतर तो प्रश्न उरला नाही. 1975 मध्ये ब्रिटनमधील भाववाढ 24 टक्क्यांच्या घरात गेली आणि बेकारीही वाढत राहिली. विरोधकांचा टोमणा पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला. 'स्लम्पफ्लेशन' हा प्रतिस्पर्धीही त्याच दशकात पुढे आला होता. पण तो जिभेला जड होता.

मराठीतील 'चलनवाढ' या समासात दोन्ही पदे अखंड राहतात आणि अर्थ उघड दिसतो. इंग्रजी जोडशब्दात पदांवर कात्री चालते. उरलेल्या तुकड्यावरून मूळ शब्द ओळखता आला तरच तो टिकतो. आपले विद्यार्थी 'स्टॅगफ्लेशन' पाठ करतात. त्यातील 'स्टॅग' कशाचा, हे फारसे कोणी विचारत नाही.

पुढे 'फ्लेशन' हे शेपूटच प्रत्ययासारखे वापरले जाऊ लागले. त्यातून आला 'श्रिंकफ्लेशन': पुड्याची किंमत तीच, आतील बिस्किटे कमी. 'स्टॅगफ्लेशन' म्हणताना दोष कोणाचा हे झाकलेच राहते, जणू अवर्षणच पडले. हा नवा शब्द मात्र थेट उत्पादकाकडे बोट दाखवितो. ब्रिटनचे सांख्यिकी कार्यालय अशी घट हिशेबात धरते. दुकानात केवळ छापील किंमत पाहणाऱ्या गिऱ्हाइकाच्या ती लक्षातही येत नाही.